दाराबाहेर बसलेली आई



आपल्याकडे एक सल्ला अगदी फुकट मिळतो. मुलगा दहावीनंतर ऐकेनासा झाला, मुलगी बारावीच्या वर्षात गप्प राहायला लागली, जेवेना, झोपेना, मधूनच रडायला लागली, की जाऊबाई, नणंद, मंडळातल्या काकू, सगळ्यांचा एकच सूर लागतो. "अगं, महाराजांकडे घेऊन जा. अर्धा तास त्यांच्यापाशी एकटं बसू दे, बघ कसं शांत होतं पोर."

या सल्ल्यातल्या 'एकटं' या शब्दावर माझं सगळं भांडण आहे. मुलांना दर्शनाला न्या, प्रवचनाला न्या, पाठशाळेत घाला, माझी काहीच हरकत नाही. मी स्वतः तेच करत आले. पण 'एकटं' हा शब्द आपल्या तोंडात कुठून आला, हे आज जरा तपासू या. कारण गेल्या बारा-तेरा वर्षांत कोर्टात सिद्ध झालेली जी प्रकरणं आपल्या डोळ्यांपुढे आहेत, त्यांत मुलांना पळवून कोणी नेलेलं नाही. आई-बापांनी त्यांना हाताला धरून तिथे पोहोचवलं आणि आई दाराबाहेर जप करत बसली.

आसारामचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे 'बाबा तुरुंगात गेला' एवढं ठाऊक आहे. त्याच्या पुढचं फार कमी जणींना माहीत असतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मुलगी १६ वर्षांची. घर भाविक, अनेक वर्षांपासून त्याचे साधक. मुलीला मुद्दाम त्याच्याच गुरुकुलात, मध्य प्रदेशात छिंदवाड्याला, वसतिगृहात ठेवलेलं. का, तर बाहेरच्या वाऱ्यापासून दूर राहील, संस्कार होतील. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तिला बरं वाटेना. वसतिगृहातून घरी निरोप गेला की तिच्यावर भुताखेताची सावली आहे, ती बापूच काढतील. आई-वडील तिला घेऊन जोधपूरजवळच्या मणाई गावातल्या आश्रमात गेले. १५ ऑगस्टच्या रात्री तिला कुटीत एकटीला बोलावलं. आई बाहेर होती.

पुढचं मी लिहीत नाही. कोर्टाने ते ग्राह्य धरलं आहे, तेवढं पुरे. मुलीने आई-वडिलांना सांगितलं आणि आई-वडिलांनी तिच्यावर विश्वास ठेवला. ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठी वाटते. इतकी वर्षं ज्याचा फोटो देवघरात लावला, त्याच्यापेक्षा पोटच्या पोरीचा शब्द खरा मानणं सोपं नसतं. वडील दिल्लीला गेले, २० ऑगस्टला तिथे गुन्हा नोंदवला गेला. योगायोग बघा, त्याच २० ऑगस्टच्या सकाळी आपल्या पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. १५-१६ वर्षं ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते झगडत होते, त्याचा वटहुकूम त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला.

आसारामला अटक झाली ती इंदूरच्या आश्रमातून. निकाल लागला २५ एप्रिल २०१८ ला, तोही जोधपूरच्या तुरुंगातच कोर्ट भरवून, कारण बाहेर अनुयायी काय करतील याची सरकारला धास्ती होती. शिक्षा जन्मठेप, मरेपर्यंत. मधल्या पाच वर्षांत त्याच्याविरुद्धच्या प्रकरणांतल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, तिघांचा गोळ्या घालून खून झाला. ते कुटुंब तरी मागे हटलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये गांधीनगरच्या कोर्टाने आणखी एका शिष्येच्या प्रकरणात त्याला पुन्हा जन्मठेप सुनावली. मुलगा नारायण साई २०१९ मध्येच सुरतच्या कोर्टात दोषी ठरला होता. २०२५ मध्ये आसारामला तब्येतीच्या कारणावरून तात्पुरता जामीन मिळाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला अट घालावी लागली की अनुयायांचे मेळावे भरवायचे नाहीत. एवढं सगळं सिद्ध झाल्यावरसुद्धा अनुयायी आहेतच.

जोधपूरच्या निकालात वसतिगृहाची वॉर्डन आणि गुरुकुलाचा संचालक, दोघांना २०-२० वर्षांची शिक्षा झाली. वॉर्डन बाई होती. पुढे उच्च न्यायालयाने तिच्या शिक्षेला स्थगिती दिली, हेही सांगायला हवं. पण प्रत्येक आश्रमात, प्रत्येक धर्मस्थानात मुलींच्या आणि गुरूच्या मध्ये एक बाई असतेच. मोठी ताई, सेविका, 'गुरुजींची खास'. मुलीला निरोप तीच देते, आईला धीर तीच देते आणि दार तीच ओढून घेते. आपल्या मंडळात ही जागा कोणाकडे आहे, याचा प्रत्येकीने विचार करावा. ती वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिला हा अधिकार दिला कोणी?

"तो काही आपला नव्हता," असं तुम्ही म्हणाल. बरं.

ऑक्टोबर २०१७, सुरत. दिगंबर मुनी शांतिसागर. (हे नाव लिहिताना हात अडखळतो, कारण कुंथलगिरीला १९५५ मध्ये सल्लेखना घेतलेल्या चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचं हे पवित्र नाव. या माणसाचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही.) मुलगी १९ वर्षांची, कॉलेजात शिकणारी, घर पुन्हा भाविकच. कुटुंब दर्शनाला आलं होतं. काही विधी करायचा म्हणून आई-वडिलांना आणि भावाला वेगळ्या खोलीत जपाला बसवलं आणि मुलीला एकटीला आत घेतलं. जागा कोणती, तर आपल्या मंदिराच्या आवारातला उपाश्रय. एप्रिल २०२५ मध्ये सुरतच्या सत्र न्यायालयाने त्याला दोषी ठरवून १० वर्षांची शिक्षा दिली.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून पाहा. पंथ वेगळा, राज्य वेगळं, वेश वेगळा. सारखं काय आहे? भाविक घर, विधीचं किंवा बाधेचं निमित्त, आई-बाप जपात आणि मूल एकटं. जप करणाऱ्या आईचे डोळे मिटलेले असतात, तिच्या ओठांवर देवाचं नाव असतं, आणि आपण लेकराच्या भल्यासाठीच बसलोय अशी तिची पक्की खात्री असते. तिला पहाऱ्यावरून उठवायची याहून सोपी युक्ती नसेल.

या माणसांच्या जाळ्यात कोणती मुलं सापडतात? हसतीखेळती, मित्रमैत्रिणींत रमलेली, आई-वडिलांशी भांडूनही त्यांच्याशी बोलणारी मुलं सहसा हाताला लागत नाहीत. सापडतात ती आधीच दुखावलेली. नीटच्या क्लासमध्ये मागे पडलेली. घरात रोज भांडणं बघणारी. रंगावरून, वजनावरून, मार्कांवरून बोलणी खाणारी. ज्याला 'तू कसा आहेस?' असं महिनोन्महिने कोणी विचारलेलं नाही, त्याला एक वजनदार माणूस समोर बसवून म्हणतो, "तू साधारण जीव नाहीस, तुझे पूर्वभवाचे संस्कार मला दिसतात." पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला यापेक्षा गोड काय वाटणार? घरी नालायक, इथे पुण्यवान.

मग हळूहळू पुढचं सुरू होतं. चुका सांग, मन मोकळं कर. मूल सगळं सांगून बसतं: मोबाइलवर काय पाहिलं, कोणाला मेसेज केला, घरातून पैसे घेतले का. आपल्याकडे आलोचना ही केवढी पवित्र गोष्ट, पण वाईट माणसाच्या हातात ती मुलाच्या गळ्यातली दोरी होते. त्यानंतर येतं गुपित. "हा मंत्र कोणाला सांगायचा नाही, आईलाही नाही, फळ जाईल." त्यानंतर आई-वडील 'संसारी', 'मोहात अडकलेले', 'तुझ्या मार्गातले अडथळे' ठरतात. शेवटी नियम दिला जातो, सौगंध दिली जाते, आणि ती मोडली तर घरात कोणीतरी मरेल अशी भीतीही. इथवर आलेलं मूल आपल्या समोर ताटावर बसून जेवत असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. उलट आपण मंडळात कौतुकाने सांगतो, "आमचा आता रात्रीचं जेवत नाही, केवढा बदल झाला!"

हे फक्त भगव्या-पांढऱ्या कपड्यांतच होतं असंही नाही. क्लासचे सर, जिमचा दादा, मोबाइलवर आयुष्य बदलून देणारे गुरू, सगळ्यांची रीत हीच. पण त्यांच्यापुढे आपण निदान हात तरी जोडत नाही.

आसारामच्या लोकांनी शाळाशाळांतून १४ फेब्रुवारीला 'मातृ-पितृ पूजन दिवस' करायला लावला होता. मुलांनी आई-वडिलांना ओवाळायचं. किती बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल! नाशिकलाही त्याचा आश्रम, बालसंस्कार केंद्रं, घरोघरी येणारा त्याचा मासिक अंक. मुलांना मोठ्यांच्या पाया पडायला शिकवतात ना, मग वाईट काय, असंच सगळ्यांना वाटलं. दिल्लीच्या निर्भयाबद्दल त्याने जानेवारी २०१३ मध्ये तोडलेले तारेही आपण ऐकले होते. तिने त्या नराधमांना भाऊ म्हणायला हवं होतं म्हणे! त्याच वर्षी मार्चमध्ये मराठवाडा पाण्यावाचून तडफडत असताना नागपूरला आणि नवी मुंबईला त्याची पाण्याची होळी झाली. तेव्हाही किती जणींनी त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला?

आता आपल्या शास्त्राकडे येते, कारण मला सर्वांत जास्त राग तिथे आहे. हे सगळं टाळायचे नियम बाहेरून आणायची गरजच नव्हती. आपल्या घरात अडीच हजार वर्षांपासून पडून आहेत.

ब्रह्मचर्याच्या नऊ वाडी पाठशाळेत आपण सगळ्यांनी घोकल्यात. वाड म्हणजे कुंपण. पहिलं कुंपण राहण्याच्या जागेचं, साधूच्या मुक्कामात स्त्रीचा वावर नको. स्त्रियांशी गप्पागोष्टी नकोत, एका आसनावर बसणं नको. स्त्री उठून गेलेल्या जागेवर दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं, साधू बसत नाही, इतकी काळजी. संघट्टा होऊ नये म्हणून तान्ह्या मुलीलाही साधू हात लावत नाहीत. सूर्यास्तानंतर साधूंच्या स्थानकात बायकांनी पाऊल टाकायचं नाही आणि साध्वीजींच्या स्थानकात पुरुषांनी. एकट्याने फिरणाऱ्या, संघ सोडलेल्या एकलविहारी साधूकडे आपले आजी-आजोबा संशयानेच बघायचे.

हे नियम कोणी केले? साधूंवर अविश्वास असणाऱ्यांनी नव्हे. मन किती चंचल असतं हे स्वतः साधना करून ज्यांना कळलं होतं, त्यांनीच केले. आणि आपण, श्राविका, ज्यांनी हे कुंपण राखायचं, त्याच लेकीला म्हणतो, "जा, आत जाऊन एकटी बस." साधूच्या हातात मोबाइल असणंच आचारात बसत नाही, तरी 'महाराजांचा मेसेज आला' म्हणून मुली रात्री अकरा वाजता हरखून दाखवतात आणि आपणही हरखतो!

लगेच कोणीतरी म्हणेल, "गुरुनिंदेचं पाप लागेल." मला ही धमकी ऐकून आता हसू येतं, कारण ती देणाऱ्यांनी आगम उघडलेलेच नसतात. उत्तराध्ययन सूत्राचं बाविसावं अध्ययन वाचा. राजीमती पावसात भिजून गिरनारच्या गुहेत शिरते, वस्त्रं वाळत टाकते. आत अंधारात रथनेमी मुनी ध्यानाला बसलेले. नेमिनाथ भगवानांचे सख्खे भाऊ, कुळ केवढं! त्यांचं मन ढळतं, ते तिच्याकडे मागणी करतात. राजीमती काय करते? तिथल्या तिथे, तोंडावर, कठोर शब्दांत त्यांना सुनावते. आणि रथनेमी त्या शब्दांनी भानावर येतात, मार्गावर परततात. आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट झाकली नाही. साधूचा पाय घसरला हे लिहून ठेवलं, बाईने त्याला फटकारलं हे लिहून ठेवलं आणि राजीमतीला महासती म्हणून पुजलं. तिला गुरुनिंदक कोणी म्हटलं नाही. आज आपली एखादी राजीमती बोलली तर आपण काय करतो? मामाच्या गावाला पाठवून देतो.

आनंद श्रावकाची गोष्टही आठवा. गृहस्थ असून त्यांना अवधिज्ञान झालं. खुद्द गौतम गणधरांना ते पटेना, ते म्हणाले, एवढं मोठं ज्ञान गृहस्थाला होत नसतं, प्रायश्चित्त घ्या. आनंद नम्रपणे पण ठाम राहिले. भगवान महावीरांकडे विषय गेला, तेव्हा भगवानांनी गौतमांनाच आनंदांकडे जाऊन क्षमा मागायला सांगितलं, आणि ते गेले. गणधर श्रावकाकडे क्षमा मागायला जातात असा हा धर्म. यात 'गुरू चुकूच शकत नाही' हे कुठून आलं? उलट रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी तीन मूढता मोजून सांगितल्या आहेत, लोकमूढता, देवमूढता आणि तिसरी गुरुमूढता. वेश बघून डोळे मिटणं हा सम्यक्त्वाचा दोष आहे.

राहिला प्रश्न आई-वडिलांपासून मूल तोडण्याचा. कल्पसूत्र आपण दर पर्युषणात ऐकतो. भगवान महावीरांनी आई-वडील असेपर्यंत दीक्षा घेतली नाही, त्यांना दुःख होऊ नये म्हणून. त्यांच्या मागे मोठे भाऊ नंदीवर्धन यांच्या शब्दाखातर आणखी दोन वर्षं थांबले. ज्याला स्वतःचा मार्ग जन्मापासून ठाऊक होता, तो घरच्यांच्या परवानगीसाठी थांबला. मग जो कोणी तुमच्या सोळा वर्षांच्या मुलाला सांगतो की आईला कळू देऊ नकोस, तो महावीरांचा साधू असेल का?

समाजातले पुरुष आणि ट्रस्टी एक दुसरीच काळजी पुढे करतात: "धर्माची बदनामी होईल. आपण मूठभर लोक. वर्तमानपत्रात येईल. मुलीचं लग्न व्हायचंय." सुरतमध्ये बदनामी कशाने झाली? मुलीने तक्रार केल्याने, की उपाश्रयात जे घडलं त्याने? घरात चोर शिरला तर आरडाओरडा करणाऱ्याला आपण बदनामी करणारा म्हणतो का? ज्या हजारो साध्वीजी आणि महाराजसाहेब अनवाणी मैलोन्मैल विहार करतात, केशलोच करतात, रूक्ष गोचरीवर दिवस काढतात, त्यांच्या तपाचा सर्वांत मोठा अपमान कोण करतो? जो त्यांच्या वेशात लपलेल्याला सांभाळून घेतो तो. नाशिकला विल्होळीपासून म्हसरूळच्या गजपंथापर्यंत वर्षभर संत-सतींचं येणंजाणं असतं. मी त्यांतल्या कितीतरी साध्वीजींना मुलींशी बोलताना पाहिलंय, भर दालनात, दहा जणींच्या देखत, आईला शेजारी बसवून. त्यांना एकांत कधी लागला नाही.

आणि ट्रस्टींना कायद्याची भाषा जास्त कळते, म्हणून तेही सांगते. मूल १८ वर्षांच्या आतलं असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. गुन्हा घडल्याचं कळूनही जो पोलिसांना कळवत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं, तर एक वर्षापर्यंत. 'आपसात मिटवू' ही सोय कायद्यात नाहीच. भूतबाधा उतरवतो म्हणून मारहाण, छळ करणं आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा होताना आपल्याही लोकांनी 'धर्मावर घाला' म्हणून ओरड केली होती. इतक्या वर्षांत कोणाचं सामायिक बंद पडलं, कोणाचा उपवास मोडला, ते मला दाखवा.

"मुलीची गोष्ट वेगळी, आमचा तर मुलगा आहे," असंही म्हणतात. पोक्सोमध्ये मूल म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघं. ते उगाच लिहिलेलं नाही. आसारामच्याच मोटेरा गुरुकुलातली दोन भावंडं, दोन्ही मुलगे, जुलै २००८ मध्ये बेपत्ता झाली आणि साबरमतीच्या पात्रात त्यांचे मृतदेह मिळाले. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने आसारामला त्यात दोषी धरलं नाही, पण गुरुकुल चालवणाऱ्यांचा हलगर्जीपणा नोंदवला. त्यानंतरही त्याच्या गुरुकुलांत पालक मुलं घालत राहिले.

मुलाला खरंच बरं नसेल तर काय करायचं? डॉक्टरकडे न्यायचं, दुसरं काय! सोळा वर्षांच्या मुलीला चक्कर येते, हातपाय आखडतात, ती तासन्‌तास भिंतीकडे बघत बसते, याला रक्त कमी असण्यापासून फेफऱ्यापर्यंत आणि नैराश्यापर्यंत दहा कारणं असतात. त्यांतलं एकही मंत्राने जात नाही. पोटदुखीला आपण सोनोग्राफी करतो, मनाच्या दुखण्याला मात्र लिंबू. मनोविकारतज्ज्ञाकडे जायला लाज वाटत असेल तर सरकारचा टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलाला स्वतःहून कोणाला काही सांगायचं असेल तर १०९८. हे दोन्ही नंबर पाठशाळेच्या भिंतीवर, तपस्वींच्या नावांच्या फलकाशेजारी, लावायला कोणत्या आगमाची मनाई आहे?

आणि एक काम घरातलं. मुलं आपल्याला का सांगत नाहीत? आपण ऐकायच्या आधी ओरडतो म्हणून. "तूच काहीतरी केलं असशील", "महाराज असं करणारच नाहीत", "पप्पांना कळलं तर?" या तीन वाक्यांनी मुलीचं तोंड कायमचं बंद होतं. ज्या घराने २०१३ मध्ये आपल्या मुलीचं ऐकून घेतलं, त्या घरातल्या आईने ही तीन वाक्यं त्या रात्री उच्चारली असती, तर तो माणूस आजही कुठल्यातरी मैदानात प्रवचन देत असता. रोज रात्री दहा मिनिटं, मोबाइल बाजूला ठेवून, अभ्यास सोडून कशाबद्दलही मुलांशी बोला. सल्ला न देता. फार अवघड आहे, करून बघा.

चातुर्मासाच्या तयारीची बैठक आता होईल. गोचरीचे वार ठरतील, स्वामीवात्सल्याचा खर्च निघेल, पाट्या कोणाच्या नावाने लागतील यावर नेहमीप्रमाणे दोन तास जातील. आमच्या मंडळातर्फे आम्ही काही बायकांनी मिळून एक कागद तयार केलाय, तो त्याच बैठकीत देणार आहोत. १८ वर्षांखालच्या मुला-मुलींशी कोणाचंही बोलणं उघड्या दालनात, दार उघडं ठेवून आणि घरचं मोठं माणूस दिसेल असं व्हावं. मुलांचे मोबाइल नंबर कोणीही घेऊ नयेत, निरोप पालकांच्या नंबरवर यावा. शिबिरात मुलींच्या मुक्कामाला त्यांच्यातल्याच दोन आया असाव्यात, त्याही दर रात्री बदलून. पालकांपासून लपवायचा कोणताही नियम कोणत्याही मुलाला दिला जाऊ नये. तक्रार आली तर ती ट्रस्टच्या कपाटात न ठेवता त्याच दिवशी पोलिसांना कळवावी, आणि हे चातुर्मासाची विनंती करतानाच महाराजसाहेबांना सांगावं. ज्या साधूंचा आचार चोख आहे त्यांना यातलं एकही कलम जाचणार नाही, ते आधीपासून असेच वागतात.

कागदावर आत्तापर्यंत एकवीस जणींच्या सह्या झाल्या आहेत. चार जणींनी 'ह्यांना विचारून सांगते' म्हटलंय. तुमच्या स्थानकात, तुमच्या मंदिरात असा कागद द्यायचा असेल तर मजकूर मी पाठवते. त्यात आमच्या संघाचं नाव खोडून तुमचं घाला.